केस कापायचे नाहीत

सासूबाईंना वर्ध्याच्या एका दवाखान्यात ठेवलं होतं, तेव्हा एक बाई रोज दुपारी वॉर्डात यायची. गळ्यात काळ्या दोऱ्यात क्रूस, पिशवीत कंगवा आणि खोबरेल तेल. नाव तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

शेजारच्या खाटेवर समुद्रपूरकडची म्हातारी होती. अंथरुणाला खिळून तिच्या केसांचा नुसता गोळा झाला होता. सून कात्री घेऊन उभी, पण म्हातारी डोक्याला हात लावू देईना.

"मालक जित्ता हाये माया. केस काऊन कापू देऊ?"

ती बाई खाटेवर टेकली, केसांत तेल जिरवलं आणि टोकाकडून एकेक बट सोडवायला लागली. सुनेनं टोमणा मारला, "धरम बदलवाले आली का व बाई?"

"आधी गुंता तं सुटू दे," ती वर न बघता म्हणाली.

संध्याकाळपर्यंत वेणी झाली. सुनेनं कात्री ठेवून दिली. अशा सेवाभावाकडे मी एरवी संशयानंच बघते. पण काम चोख होतं, एवढं सांगते.

म्हातारीनं वेणी पुढे घेऊन चाचपली. "तू हे काऊन करून राह्यली व?"

"आमच्या येशूनं शिष्यायचे पाय धुतले, माय. मले केसंच जमते."

म्हातारीनं जरा विचार केला आणि चादरीतून दोन्ही पाय बाहेर काढले. "मंग हेही धुऊन दे. लय दिवस झाले."

बाईनं खाटेखालची बादली पुढे ओढली.