याकोबभाऊंची सांज

मंगळवारी संध्याकाळी सहाला दार वाजलं तेव्हा काय बोलायचं ते मी मनाशी पक्कं ठरवून बसले होते. मी शाळेतली बाई, बोलणी आधीपासून तयार ठेवायची सवयच आहे मला. पहिलं वाक्य तर दुपारपासून घोकलं होतं : ‘‘याकोबभाऊ, दहा वर्षं चर्चच्या मंडळीनं तुमच्यासाठी एवढं केलं, आणि तुम्ही भरदुपारी रस्त्यावर पिऊन पडता?’’ त्यांची कपबशी मी फडताळातून मुद्दाम काढलीच नव्हती. दार उघडलं तर बाहेर आमच्या चर्चचे पाळकसाहेब सायकल धरून उभे. म्हणाले, ‘‘बाई, आपला याकोब वारला. ऊन लागलं. कॉटन मार्केटच्या भिंतीशी पडून होता दुपारी. शेवटी एका कांदेवाल्यानं हातगाडीवर घालून दवाखान्यात नेलं, पण तोवर…’’ आणि मी काय विचारावं? मी विचारलं, ‘‘दारू?’’ पाळकसाहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की आजही ती नजर आठवली की मला खाली बघावंसं वाटतं. ‘‘थेंब नाही, बाई. डॉक्टरांनी आपणहून सांगितलं.’’ मी दाराची कडी धरून तशीच उभी राहिले. कारण कॉटन मार्केटच्या भिंतीशी पडलेल्या त्या माणसाला मी पाहिलं होतं.

दुपारी एकच्या सुमारास मी रिक्षानं शाळेतून घरी येत होते. मे महिना होता, पण निकालाच्या कामासाठी आम्हाला बोलावलेलं. वर्ध्याचं मे महिन्यातलं ऊन ज्यानं सोसलंय त्याला वेगळं काय सांगू, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. भिंतीला पाठ टेकून एक माणूस बसला होता. मान छातीवर, एक चप्पल पायात, दुसरी लांब पडलेली, खांद्यावरची खाकी पिशवी पोटाशी ओढलेली. मी लगेच ओळखलं, आणि ते पिशवीवरून नाही, बसण्यावरून. दहा वर्षांपूर्वी याकोबभाऊ कुठल्याही भिंतीशी असेच बसलेले दिसायचे. माझी नजर तिकडे गेलेली बघून रिक्षावाल्यानं वेग कमी केला. ‘‘थांबू का, बाई? वयखीचे हायेत का तुमच्या?’’ मी म्हटलं, ‘‘चला तुम्ही.’’ एवढंच. मला लाज वाटली होती, राग आला होता, आणि खरं सांगायचं तर त्या रागात थोडं समाधानही होतं. हा माणूस टिकायचा नाही असं मी सुरुवातीपासून म्हणत आले होते ना!

याकोबभाऊ स्टोव्ह दुरुस्त करायचे. स्टेशनच्या बाजूला त्यांची एक टपरी होती. बर्नरमध्ये पिन घालणं, वॉशर बदलणं, भकभकणारा स्टोव्ह निळ्या ज्योतीवर आणून देणं… हात फार हलका. पण दिवेलागणीला तोच हात थरथरायला लागायचा. आमचा जिल्हा दारूबंदीचा, ही गोष्ट बाहेरगावचे पाहुणे मोठ्या कौतुकानं बोलतात. ज्याला हवी असते त्याला नाल्याकाठी ती मिळतेच. एका संध्याकाळी त्यांनी घरातला पेटता स्टोव्ह लाथेनं उडवला. त्यांच्या बायकोच्या, शांताबाईंच्या, उजव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत त्या भाजल्याचा डाग आहे. पुढच्या रविवारी उपासना संपत आली असताना याकोबभाऊ आपणहून पुढे येऊन उभे राहिले. आम्ही सगळे अवघडून गेलो. ते म्हणाले, ‘‘मले दिवसभर काई होत नाई. दिवे लागले का माहे पाय तिकडंच जाते. मी लय प्रार्थना करतो, पन पाय आयकत नाई. त्या टायमाले मले कोनी धरून ठेवा, बापा…’’

आता पाळकसाहेब पापावर अर्धा तास बोलणार असं मला वाटलं होतं. ते बोललेच नाहीत. त्यांनी मंडळीकडे बघून विचारलं, ‘‘याची सांज कोण धरतं?’’ प्रश्न कुणाला नीट कळलाही नसेल, पण एकेक करून सहा हात वर झाले. त्यातला एक आमच्या ह्यांचा होता. ह्यांनी मला कोपरानं ढोसलं म्हणून मग मीही हात वर केला, तो जरा उशिराच. सहा घरं, सहा संध्याकाळी; रविवार चर्चचा. रोज सहा ते साडेआठ याकोबभाऊंनी त्या त्या घरी जाऊन बसायचं, चहा घ्यायचा, चार शब्द बोलायचे, एकत्र प्रार्थना करायची आणि घरी जायचं. आमच्या वाट्याला मंगळवार आला. पुढे आमच्यात ती रीतच पडली. कुणी सट्ट्याचं व्यसन कबूल करायचं, कुणी भावाशी धरलेला अबोला. कबुली झाली की पाळकसाहेब तेवढंच विचारायचे, याची सांज कोण धरतं?

पहिल्या मंगळवारी मी त्यांना काचेच्या ग्लासात चहा दिला. त्यांनी तो उचलला आणि तसाच खाली ठेवला. ‘‘बाई, मले गिलासात नोका देऊ. गिलास हातात आला का हाताले दुसरंच आठवते.’’ मग मी निळ्या फुलांची, कडेला टवका उडालेली एक कपबशी काढली आणि तीच त्यांची ठरली. हळूहळू सहाही घरांत त्यांची एकेक कपबशी झाली. प्रभुभोजनाच्या वेळी आमच्याकडे पूर्वी पेल्यात द्राक्षारस असायचा. याकोबभाऊंसाठी पाळकीणबाई काळे मनुके उकळून त्याचं पाणी करायला लागल्या. मी तोंडाची फटकळ. मी म्हटलं, ‘‘एका माणसासाठी सगळ्यांनी मनुक्यांचं पाणी प्यायचं का?’’ पाळकसाहेब म्हणाले, ‘‘हो.’’ त्या ‘हो’वरून मी महिनाभर फुगून होते.

पहिल्या वर्षात ते दोनदा घसरले. दोन्ही वेळा रविवारी स्वतःच उभे राहून सांगितलं, आणि सहा हात पुन्हा वर झाले. तिसऱ्या वर्षी एक गंमत झाली, अर्थात गंमत आम्हाला, त्यांना नाही. सोमवारवालं कुटुंब लग्नासाठी नाचणगावला गेलं आणि याकोबभाऊंना सांगायचं विसरलं. आठ-साडेआठला परत आले तर हे पायरीवर बसलेले, दाराचं कुलूप मुठीत घट्ट धरून. दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, मी हसत विचारलं, ‘‘काय हो, कुलपाशी काय गप्पा मारल्या?’’ ते हसले नाहीत. म्हणाले, ‘‘धरून ठेवाले कोनी नोतं ना बाई. मंग मीच कुलूप धरलं.’’ मी त्यांच्या हाताकडे पाहिलं. तळव्यावर कुलपाचा वळ अजून होता.

नंतर घरोघर गॅस आला, टपरीचं काम आटलं. ते छत्र्या, कुलपं, मिक्सर असलं काहीबाही दुरुस्त करू लागले. पण मंगळवार चुकला नाही. आमच्या ह्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा सहा ते साडेआठ ते दवाखान्यात येऊन बसायचे आणि मी तेवढ्यात घरी जाऊन स्वयंपाक उरकायचे. कोण कुणाची सांज धरत होतं हे तेव्हा मला सुचलंही नाही. दोनेक वर्षांपूर्वी मी त्यांना म्हटलं, ‘‘आता तुम्हाला यायची गरज आहे का? सुटलात तुम्ही.’’ तर म्हणाले, ‘‘गरज नाई असं ज्या दिवशी वाटते ना, त्याच दिवशी मले भेव वाटते.’’ तेव्हा मला ते फार आवडलं होतं. संडे स्कूलच्या मुलांनाही मी ते सांगितलं. त्याच मुलांना मी बायबलमधली वाटेत पडलेल्या माणसाची गोष्ट दरवर्षी शिकवते, कोण कोण त्याला बघून पुढे निघून गेलं ते चित्रं दाखवून शिकवते. आणि मी…

अंत्यविधीला पाळकसाहेब म्हणाले, ‘‘आपला याकोब कोरडा गेला, थेंबाला न शिवता.’’ सगळी मंडळी ‘आमेन’ म्हणाली. मीही म्हणाले. नंतर बायका शांताबाईंभोवती बसल्या होत्या, त्यांचा हात माझ्या हातात होता. त्या कुणालातरी सांगत होत्या, ‘‘डाक्टर म्हने, घंटाभर आधी आनाले पायजे होतं. कोनी वयखीचं दिसलं असतं तं… पन त्या उन्हात कोन फिरते, बापा?’’ मी तो हात सोडला नाही. सोडावा तर का सोडला ते सांगावं लागलं असतं. जो याकोबभाऊंना ओळखत नव्हता तो कांदेवाला थांबला. मी ओळखत होते, म्हणून पुढे निघून गेले. हे मला अजूनही उलगडत नाही. दहा वर्षांचे मंगळवार, पाचशेच्या वर कप चहा, आणि त्या एका क्षणी मला आठवलं ते फक्त त्याआधीचं.

दोन रविवार मी गप्प राहिले. घरी गुडघे टेकून देवाला सगळं सांगितलं, पण देवाला सांगणं सोपं होतं. शांताबाईंना सांगायचं होतं. आमचे हे एवढंच म्हणाले, ‘‘याकोब सांगायचा उभा राहून.’’ तिसऱ्या रविवारी मी उभी राहिले. वर्गात तीस वर्षं बोललेली मी, मला चार वाक्यं जुळवता येईनात. भिंत, चप्पल, रिक्षावाल्यानं विचारलेलं, मी दिलेलं उत्तर, सगळं सांगितलं. पुढच्या बाकावरची एक बाई तोंडाला पदर लावून माझ्याकडे बघत राहिली होती. पाळकसाहेब माझ्याकडे बघतच नव्हते. शेवटी त्यांनी विचारलं, पण आवाज इतका खाली की मलाच जेमतेम ऐकू आला, ‘‘बाईंची सांज कोण धरतं?’’

एकही हात वर झाला नाही. मी कुणाला दोष देत नाही, मीही केला नसता. मी बसायला वळले, तेवढ्यात बायकांच्या बाजूला मागच्या बाकावर एक हात वर आला. तोंड दिसण्याआधी मला त्या हातावरचा डाग दिसला, कोपरापासून मनगटापर्यंतचा.

‘‘मंगयवार माहा,’’ शांताबाई म्हणाल्या.

त्या मंगळवारी सहाला दार वाजलं तेव्हा माझ्याजवळ एकही वाक्य तयार नव्हतं. त्या आत आल्या आणि याकोबभाऊंच्या खुर्चीवर बसल्या. ती कुणाची खुर्ची ते शांताबाईंना कुणी सांगितलं नव्हतं. मी चहा केला. फडताळाशी उभी राहून निळ्या फुलांच्या कपाला हात लावू की नको असं मला झालं होतं. त्या तिथूनच म्हणाल्या, ‘‘त्यातच द्या.’’ माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत, आजवर म्हणालेल्या नाहीत, आणि मी विचारायची हिंमत केलेली नाही. चहा संपल्यावर त्यांनी कप बशीत ठेवला, टवक्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, ‘‘बाई, आमच्यातल्या कोनी त्यायले शेवटचं पाह्यलं असंन तं ते तुमीच. मले एक सांगा… डोकं सावलीत होतं का त्यायचं?’’

मी डोळे मिटून ती भिंत पुन्हा पाहिली. दुपारी एकची सावली, वीतभर रुंद.

‘‘पाय उन्हात होते,’’ मी म्हटलं. ‘‘डोकं सावलीत होतं.’’

त्यांनी मान हलवली आणि कप पुढे केला. मी त्यात आणखी थोडा चहा ओतला.