भाऊजी आणि मलब्याचा डोंगर

आमच्या भाऊजींइतका मनापासून भिणारा माणूस अख्ख्या कारंजा तालुक्यात दुसरा झाला नसेल. लोक सापाला भितात, विजेला भितात. माझ्या थोरल्या बहिणीचे हे यजमान ढिगाला भीत. भातसुद्धा आधी सपाट करत, मगच वरण घेत. "खालून ओलं झालं का वरचं बसते," असं ताईला समजावत. एकदा लग्नात बुंदीच्या राशीजवळ बसलेल्या आचाऱ्याला त्यांनी हाताला धरून बाजूला केलं होतं.

याला कारण होतं त्यांचं घर. घरामागे दगडाची खदान होती. तिच्यातून निघालेली माती, मुरूम, चुरी असा सगळा मलबा वर्षानुवर्षं तिथंच टाकत, आणि आता त्याचा डोंगर झाला होता. वर डंपर रिकामा झाला की घरातली भांडी वाजत. भाऊजी खदानीच्या कचेरीत इतक्यांदा गेले होते की तिथला चौकीदार त्यांना लांबून पाहूनच "साहेब नाई" म्हणे.

मी एकदा म्हटलं, "इतकी वर्षं उभा आहे, आता काय पडतो?"

"पानी आत मुरून राह्यलं, वरून डंपर दाबून राह्यले," ते म्हणाले. "पान्याले निंगाले जागा नाई. मंग ते मातीलेच उचलून धरते, अन् माती मातीले सोडते."

त्या वर्षी लांबलचक झड लागली. मग ऊन पडलं, सगळ्यांना हायसं वाटलं. मी तेव्हा ताईकडेच होतो. दुपारी भाऊजी मागच्या बाजूने आले ते पांढरेफटक पडून. भर उन्हात ढिगाच्या बुडातून गढूळ पाणी निघत होतं आणि पायथ्याची जमीन फुगली होती. त्यांनी आम्हाला बाहेर काढलं, गाई सोडल्या. शेजारची म्हातारी मात्र खाटेवरून उठेना. "तुह्यं रोजचंच हाये," म्हणाली.

भाऊजी तिच्या खाटेला टेकून जमिनीवर बसले. "तू येत नाई तं मी बी इथंच बसतो, माय."

ते इतके थरथरत होते की खाट हलत होती. मी दारातून हाका मारत होतो. म्हातारीनं त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला, "लेकराले हीव भरलं वाटते," असं पुटपुटत उठली आणि त्यांनाच हाताला धरून बाहेर घेऊन आली.

आम्ही सडकेवर पोचलो आणि मागे जाडं कापड फाटल्यासारखा लांब आवाज झाला. डोंगर पडला नाही, वाहत आला. म्हातारीचं घर, भाऊजींचा गोठा, निम्मं घर पाहता पाहता दिसेनासं झालं. मग सगळं शांत झालं, आणि ती शांतता मला अजून ऐकू येते.

आता ते सडकेपलीकडे सपाट जागेत राहतात. आभाळ भरलं की शेजारीपाजारी त्यांच्या अंगणात येतात आणि त्यांच्या तोंडाकडे पाहत बसतात. मागच्या पावसाळ्यात गेलो तेव्हा भाऊजी फार वाळलेले दिसले.

"पह्यले मी भेलो का तुम्ही सारे हासत," चहा पिता पिता ते हळूच म्हणाले. "मले वाटे, चला, मीच येडा असन. तेवढाच धीर होता. आता कोनीच हासत नाई."

मी हसून पाहिलं. जमलं नाही.