परक्या खाडीत रोवलेली काठी

मी पनवेलच्या बंदरावरून निघालो तेव्हा मला पोचवायला अख्खा तालुका लोटला होता. कुणी खवचटपणे म्हणेल, जेमतेम वीस माणसं होती. पण त्या विसांत आमची आत्या होती, आणि तिच्या रडण्याचा आवाज धरला तर तालुका सहज भरतो. कर्नाळ्याचा सुळका त्या आवाजाने किंचित कलला, तो अजून तसाच आहे. खोटं वाटत असेल तर वर चढून ओळंबा लावा.

लढाई संपून थोडी वर्षं झाली होती. मी मुंबईला राहून बिनतारी संदेशाचं शिकलो होतो, आणि इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या एका प्रयोगशाळेने सहा महिन्यांच्या बोलीवर बोलावलं होतं. काम जमलं तर राहा, नाही तर परतीचं जहाज धरा. मचव्याने मुंबई गाठायची मला घाई, आणि बाबा बंदराच्या पायरीवर निवांत विडी ओढत बसलेले.

"पानी चढू दे," ते म्हणाले. "पान्याला तुझ्या पास होन्याचं काय कवतिक हाय?"

आईने सुक्या जवळ्याचं गाठोडं बगलेत कोंबलं. "परत आलास तर सांगून ये, नाय आलास तरी सांग," एवढंच बोलली. त्या जवळ्याच्या वासाने एडनला कस्टमचे साहेब आमच्या बोटीवर चढलेच नाहीत. लांबूनच सलाम ठोकून गेले.

आमचं मिठागर होतं, हे तुम्हा पनवेलकरांना सांगायला नको. पण माझ्यासारखे परमुलखात गेलेले आणि तिथंच जन्मलेली त्यांची पोरंही हे वाचतील, म्हणून सांगतो. समुद्राचं पाणी आगरात घ्यायचं तर बांधातलं लाकडी दार, म्हणजे उघाडी, भरतीलाच उघडावी लागते. बाबांकडे घड्याळ नव्हतं, पाऊणकीचा पाढा होता. तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ हातात. अष्टमी? आठ पाऊणे सहा. सहाला पाणी भरणार. मी शाळेत जायच्या आधी पाऊणकी शिकलो आणि पुढची सगळी गणितं तिच्या जोरावर रेटली.

इंग्लंडात मला एक रिसिव्हर जोडायला दिला. आखाताच्या पलीकडून संदेश सोडायचा, अलीकडे मी पकडायचा. दिवसातून कधीतरी तासभर चाचणी. कधी संदेश एवढा ठणठणीत यायचा की वाटावं, बोलणारा माणूस माझ्या मांडीवर बसलाय. कधी काहीच नाही, नुसती खरखर. मी काचेचे व्हॉल्व्ह बदलले, तारांना कथलाचे डाग पुन्हा दिले, अँटेना पुसली. आमचे साहेब मिस्टर हार्टली, सात फूट उंच (टाचा धरून सांगतो), ते मात्र माझ्या जोडणीकडेच बोट दाखवायचे. पाच महिने झाले. त्यांच्या टेबलावर जहाजाचं वेळापत्रक दिसायला लागलं.

तसं जायचं नाही, हे मी ठरवलं होतं. वाजतगाजत निघालेला माणूस पडेल चेहऱ्याने बंदरावर उतरणार नाही.

एका दुपारी खरखर ऐकत खिडकीबाहेर बघत होतो. बाहेर होड्या डुलत होत्या. आदल्या दिवशी संदेश स्वच्छ होता तेव्हा त्याच होड्या चिखलात आडव्या पडल्या होत्या. मी खुर्चीतून असा उठलो की खुर्ची दुसऱ्या खोलीत गेली. एक लहर हवेतून सरळ येते, दुसरी पाण्यावर आपटून येते. पाणी चढलं की दुसरीची वाट बदलते, आणि एका बांधावर दोन भाऊबंद भेटावेत तशा दोघी एकमेकींना संपवतात. दोष रिसिव्हरचा नव्हता, भरतीचा होता!

पनवेलचा माणूस इथं गप्प बसता तर अजून काय हवं होतं? मी बोटं मोजली. दुसऱ्या दिवशी अष्टमी. सगळ्या प्रयोगशाळेत सांगून टाकलं: उद्या बरोबर सहाला संदेश बुडणार.

सहाला सगळे जमले, चहाचे कप घेऊन. आणि संदेश? जन्मात आला नव्हता इतका सुरेल आला. मिस्टर हार्टली म्हणाले, "अभिनंदन. दुरुस्त झालं वाटतं." लोक हसले. होड्या बाहेर चिखलात पडलेल्या.

तोंड लपवत किनाऱ्याने चालताना बाबांचं बोलणं आठवलं. उरणच्या एका आगरावर त्यांना मदतीला नेलं होतं, तेव्हा मी असाच पाढा म्हणून मोकळा झालो होतो. "आपली पाऊनकी आपल्या खाडीची हाय," ते म्हणाले होते. "उरनला पानी आधी, पनवेलला मागनं. खाडी बदलली का आधी काठी रोवायची, एक दिस बसायचं. मंग बोलायचं." मी सातासमुद्रापार आलो होतो आणि काठी न रोवता बोललो होतो.

दुसऱ्या दिवशी, नवमीला, काठीवर खाचा पाडल्या आणि चिखलात रोवून सकाळपासून बसलो. थंडी अशी की माझी सावली गोठून तिथंच राहिली, मी तिच्याशिवाय परत आलो. पाढ्याने भरती पावणेसातला यायची. काठीवर ती सव्वाबाराला आली. साडेपाच तासांचा फरक. तो मी मनावर कोरला.

दशमीला पुन्हा सांगितलं: आज दुपारी एक. या वेळी फक्त मिस्टर हार्टली आले, हातात सँडविच घेऊन. एकला दोन मिनिटं असताना आवाज पातळ झाला, एकला गेला. सँडविच तसंच राहिलं. "इथल्या दुकानात भरतीचं छापील पुस्तक मिळतं, ठाऊक आहे?" ते हळूच म्हणाले. ठाऊक नव्हतं. पुढे पाहिलं तर त्यातली वेळ शेजारच्या बंदराची निघाली. आमच्या आखाताला काठीच खरी. टेबलावरचं वेळापत्रक मात्र त्याच दुपारी टोपलीत गेलं.

त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. वेगळ्या उंचीवर दोन अँटेना लावल्या, एकीचा संदेश बुडाला की दुसरी ऐकते. उंची किती, याचं गणित आता खोलीभर पसरलेलं इलेक्ट्रॉनिक यंत्र करतं. कागदाच्या पट्टीला भोकं पाडून प्रश्न घालायचा, उत्तर चहा होण्याआधी येतं. व्हॉल्व्हच्या जागी नखाएवढे ट्रान्झिस्टर आले. काठी तेवढी मी दर हिवाळ्यानंतर नवी रोवतो.

परवा प्रयोगशाळेत नव्याने आलेल्या मुलीने विचारलं, आज पाणी कधी? काठी न बघता, बोटं न मोजता मी वेळ सांगितली. बरोबर निघाली. सगळे खूश, मी घाबरलो. इथली भरती अशी तोंडपाठ झाली, तर पनवेलची विसरलो की काय? तसाच बाहेर गेलो, पंचांगातली तिथी आठवली. षष्ठी. सहा पाऊणे साडेचार. पनवेलला साडेचार, उरणला थोडं आधी. बाबा गेले, उघाडीवर आता धाकटा भाऊ असतो. त्याला दार उघडायला लागेल तेवढा वेळ मी तिथंच उभा राहिलो, मग आत येऊन यंत्राला पुढचा प्रश्न घातला.