तीनच पर्याय

आमच्या कंपनीच्या पशुखाद्याच्या सर्व्हेसाठी शिरूर तालुक्यात फॉर्म भरणारे मामा कुठल्याही घरी गेले, की चहा आधी थांबवायचे. "चहा पाजला की मानूस तोंडावर वाईट बोलत न्हाई, साहेब. आधी प्रश्न, मग चहा." समोरच्याचं पूर्ण बोलून होईपर्यंत ते पेनाचं टोपणही काढत नसत.

प्रश्न मी तयार केले होते. 'आमचं खाद्य कसं वाटलं?' याखाली तीनच पर्याय होते: उत्तम, चांगलं, ठीक. मांडवगण फराटा गावचे बरेच फॉर्म मामांनी त्या प्रश्नापुढं कोरे ठेवून आणले.

"ठीकवर खूण करा," मी म्हणालो.

"म्हशी तोंड लावत न्हाईत म्हनत्यात. ठीक कसं लिवू?"

ते गेल्यावर त्यांच्या सहीच्या वर मीच खुणा केल्या.

पुढं 'मांडवगणकरांची पसंती' असा फलक लावून खाद्याची गाडी गावात आली. डेअरीवर एका बाईंनी मामांना गाठलं. "काय वो मामा, मी काय सांगितलं आन् तुमी काय लिवलं? आता कोन तुमाला खरं सांगंल?"

मी शेजारीच उभा होतो. मामांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"चुकलं माझं, ताई," ते म्हणाले.

ते मी म्हणायला हवं होतं. मी त्यांना म्हणू दिलं.