जीपमध्ये चढवलेली काकड्यांची टोपली

आज काकडी चिरताना तो हिरवा, गार वास आला आणि मी कुरखेड्याजवळच्या माझ्या शाळेत जाऊन पोचले. नातवंडांनो, तिथे मी शिकवत असे. ताज्या भाजीने अंगात रक्त भरतं, असं सांगून मी मुलांकडून काकडीचे वेल लावून घेतले होते. काकड्या धरल्या, तरी कुणी एकही तोडून खाल्ली नाही. नवं पीक आधी देवाला, मग आपल्याला, हा तिकडचा नेम.

नैवेद्याच्या दिवशी मुलांनी काकड्या तोडून टोपली भरली, आणि त्याच दिवशी शाळेच्या तपासणीला साहेब आले. निघताना हेडमास्तरांनी सगळी टोपली त्यांच्या जीपमध्ये चढवली.

पाचवीतली सुगंधा मला म्हणाली, "बाई, देवाच्या आधी सायबाले काऊन देल्लं?"

"गप बस! पाहुणे हायेत ते," हेडमास्तर खेकसले.

"मंग देवानं उपाशी राहाचं का? अन् आमी?"

मी जीपमधून टोपली उतरवली. एक काकडी देवापुढे ठेवली, उरलेल्या काकड्या मुलांनी कडाकडा खाल्ल्या.

माझे हात तेव्हा थरथरत होते. भीतीने, असं मला इतकी वर्षं वाटत आलं. आज सुरी धरलेला हात तसाच थरथरला, आणि इथे स्वयंपाकघरात तर भ्यावं असं कुणीच नव्हतं. म्हणजे तेव्हाही तो रागच होता.