डिकीतली बॅटरी

समोरच्या इमारतीतल्या त्या गृहस्थांचं नाव मला माहीत नाही, पण त्यांच्या लाल स्पोर्ट्‌स कारचा इतिहास तोंडपाठ आहे. रोज सकाळी रुमालाने तिचं बॉनेट पुसता पुसता ते दिसेल त्याला थांबवून सांगायचे, "अंबडच्या गॅरेजात नेऊन बॅटरी डिकीत बसवून घेतली. पुढचं वजन कमी झालं ना, की वळणावर गाडी रस्ता सोडत नाही!" गंगापूर रोडला सिग्नलमागून सिग्नल रांगणाऱ्या गाडीला असं वळण कुठे भेटायचं, देव जाणे.

दसऱ्याला त्यांनी बॉनेटला झेंडूचा हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली आणि सकाळपासून गाडीतली गाणी दणक्यात लावून ठेवली. पूजा आटोपून लिंबं चिरडायला बसले, तर गाडी गप्प. बॅटरी पार उतरलेली. माझ्या गाडीच्या बॅटरीवरून ती चालू करावी म्हणून मी धावत जाऊन जम्पर केबल आणली. पण डिकी उघडते फक्त बटणाने, आणि बटण चालतं बॅटरीवर.

सीमोल्लंघन पार्किंगमध्येच अडलं. पैठणी नेसलेली त्यांची बायको रिक्षा शोधायला निघाली. गृहस्थ मात्र दोन पावलं मागे सरकले, गाडी कौतुकाने न्याहाळली आणि मला म्हणाले, "पण काका, बॅलन्स बघा. नुसती उभी आहे, तरी कळतो!"