साहेबाला शिकवलेला शब्द

दौलत गमरे माझगावच्या एका जहाजदुरुस्तीच्या कारखान्यात हजेरी कारकून होता. मूळचा मंडणगडकडचा, राहायला नायगावच्या बीडीडी चाळीत. मॅट्रिक झाल्यावर इंग्रजी नीट यावं म्हणून तो फणसवाडीतल्या एका निवृत्त मास्तरांकडे जायचा. मास्तर तसे भले. पण उंबऱ्याच्या आत त्यांनी त्याला कधी बोलावलं नाही. गॅलरीत स्टूल टाकून शिकवायचे. दौलतने तेही चालवून घेतलं.

मास्तर शब्द कुळाकुळाने शिकवत. एकदा अपमानाचं कूळ निघालं. रिमार्क म्हणजे शेरा. इन्सल्ट म्हणजे अपमान. ऑफेन्स घेणं म्हणजे बोललेलं मनाला लागणं. "आणि स्लर म्हणजे डाग," मास्तर म्हणाले. "एखाद्याच्या जमातीवरून बोलून त्याच्या अंगावर पाडलेला डाग."

घरी येऊन त्याने हे बायकोला, शेवंतीला, म्हणून दाखवलं. ती भाकऱ्या थापत होती. म्हणाली, "एवढे शब्द लागतात त्यांना? आपल्याला एकातच कळतं."

ते साल सत्तावन्नचं. मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून गिरणगाव पेटलं होतं. दौलतही मोर्चात गेला होता आणि कोपरावर लाठी खाऊन आला होता. तो हात पुढे कधी पुरता सरळ झाला नाही. आदल्या डिसेंबरात दादरला जाऊन नवराबायकोने बौद्ध धम्माची दीक्षाही घेतली होती.

कारखान्यात मॉरिसन नावाचा गोरा साहेब होता. एके सकाळी क्रेनवरून लोखंडी पत्रा निसटला. कुणाला लागलं नाही, पण साहेब सगळ्यांदेखत ओरडला, "स्टुपिड घाटीज! आणि यांना मुंबई पाहिजे!"

माणसांनी हत्यारं खाली ठेवली. फिटर लोकांचा पुढारी दत्ताराम परब लालबागचा, मूळचा मालवणकडचा. "मी कोकणातलो," तो म्हणाला, "मी खंयचो घाट उतरलंय?" चारजण हसले, पण राग खरा होता. साहेबाने माफी मागितल्याशिवाय काम नाही, असं ठरलं. पण साहेबाशी बोलणार कोण? परब हजेरीच्या खिडकीशी आला.

"गमरे, चल. तुझं इंग्लिश आज मराठी माणसाच्या कामाला येऊ दे."

मराठी माणूस! दौलतला ते शब्द फार गोड लागले. तो उठला.

साहेब खुर्चीत रेलून म्हणाला, "घाटात राहतात ते घाटी. त्यात वाईट काय? नुसता शब्द आहे."

"शब्द नुसता नसतो, सर," दौलत इंग्रजीत म्हणाला. "तुम्ही तो आम्हाला खाली पाडायला वापरलात. इट इज अ स्लर, सर. अ स्लर ऑन अवर पीपल."

साहेब उठून खिडकीशी गेला. बाहेर काम बंद होतं, गोदीत जहाज खोळंबलं होतं. शेवटी तो आवारात आला आणि सगळ्यांसमोर "आय अ‍ॅम सॉरी" म्हणाला.

कँटीनमध्ये जल्लोष झाला. परबने दौलतला बाकावर उभं केलं, त्याच्या पाठीवर थाप मारली आणि मोठ्याने म्हणाला, "म्हारडा असून साहेबाला काय वाजवलान रे!"

सगळे हसले. प्रेमानेच हसले, तेच वाईट होतं.

दौलत बाकावरून उतरला. "परब, आत्ता साहेबाला जे सांगितलं ना, तेच हे. हाही स्लर आहे."

"काय आहे?"

"स्लर."

"अरे, मी तुझं कौतुक केलं!" परब हसून इतरांकडे वळला. "बघा, ह्यालाही लागलं. साहेबाची हवा लागली ह्याला!"

दुसऱ्या दिवसापासून दौलतचं नावच पडलं. "ए स्लर, हजेरी मांड." "स्लर, आज डब्यात काय?" ज्यांना इंग्रजीचा गंध नव्हता त्यांच्याही जिभेवर तो शब्द छान बसला.

दौलतने काही आठवडे गिळलं. मग तो एकटाच साहेबाकडे गेला आणि त्या 'म्हारडा'ची आणि या नव्या नावाची तक्रार केली. साहेबाने परबला बोलावलं. परब हात जोडून म्हणाला, "साहेब, ह्याची जातच ती. माणसाला त्याच्या जातीने हाक मारली तर शिवी कशी?"

दौलतलाच त्याचा तर्जुमा करून सांगावा लागला. त्या खोलीत मराठी आणि इंग्रजी दोन्ही येणारा दुसरा कुणी नव्हता. त्याने शब्दन् शब्द सांगितला. ऐकताना साहेबाच्या चेहऱ्यावर हसू पसरत गेलं.

"म्हणजे नुसता शब्द आहे," साहेब म्हणाला. "तुमचं तुम्ही मिटवा."

ते मिटवायला लालबागला एका तालमीत बैठक झाली. ऐन लढ्यात मराठी माणसात फूट पाडली, गोऱ्याच्या पायाशी गेला, असा ठपका दौलतवर आला. त्याने माफी मागावी, नाहीतर त्याच्याबरोबर कुणी काम करणार नाही.

दौलतने घराचा विचार केला. तो उभा राहिला. "चुकलं माझं," तो म्हणाला.

"असं नाही," मागून कुणीतरी ओरडलं. "इंग्लिशमध्ये माग! साहेबाने मागितली तशी!"

तालीम हसली. परब नाही म्हणाला नाही. दौलतने खाली बघून सांगितलं, "आय अ‍ॅम सॉरी." टाळ्या पडल्या.

घरी शेवंती वाट बघत होती. "मिटलं का?"

"मिटलं. माफी झाली."

"परबने मागितली?"

"मी."

शेवंतीने पाट मांडला. तो जेवला नाही.

फणसवाडीला तो परत गेला नाही. नोकरी मात्र तिथेच केली. साहेब विलायतेला गेला, नवा आला. दौलत त्याच्याशी हिंदीतच बोले. नव्या साहेबाला वाटे, याला इंग्रजी येत नाही.

साठ साली मे महिन्यात महाराष्ट्र झाला. कारखान्यात परबने पेढे वाटले. दौलतच्या हातावर त्याने पेढा वरून टाकला, बोट लागू न देता, आणि म्हणाला, "जिंकलो रे आपण!" त्यात खोटं काही नव्हतं. परब मनापासून खूश होता.

संध्याकाळी दौलत चाळीत आला तर दारात पणती.

"कुणी लावली?"

"मी," शेवंती म्हणाली. "का? तुझा हात मोडला की त्यासाठी."

वाऱ्याने ज्योत फडफडत होती. दौलतने वाकडा हात ज्योतीला आडोसा म्हणून धरला आणि तेल संपेपर्यंत तिथेच बसून राहिला.